देह मोठा, दम छोटा

नवी मोटार दारात उभी राहिली की शेजारीपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा पहिला आणि ‘इंजिन किती सी.सी.चे?’ हा दुसरा. पहिला प्रश्न सरळ व्यवहाराचा आहे. दुसरा विज्ञानाचा वाटतो, पण त्याच्या उत्तरावरून गाडीविषयी फारच थोडे कळते. सी.सी. म्हणजे घन सेंटिमीटर. इंजिनातील सर्व दट्ट्ये तळापासून माथ्यापर्यंत सरकताना मिळून जेवढे आकारमान व्यापतात, ती ही संख्या. म्हणजे हे भांड्याचे माप झाले. त्या भांड्यात काय शिजते आणि ते किती पानांवर वाढायचे आहे, हे मापावरून समजत नाही.

असे असूनही आपल्याकडे गाडी विकत घेणारे, गाडीवर कर लावणारे आणि कधी कधी गाडी बनवणारेदेखील या एका आकड्यावर विसंबून निर्णय घेत आले आहेत. त्याचे परिणाम पाहण्यासाठी भारतात १९८४-८५च्या सुमारास आलेल्या काही मोटारींचे परीक्षण येथे करायचे आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला येणाऱ्या पदार्थविज्ञानापेक्षा अधिक काही त्यासाठी लागत नाही.

परदेशी देह, देशी इंजिन

१९८० पर्यंत भारतीय रस्त्यांवर प्रामुख्याने ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड या तीन घराण्यांच्या मोटारी दिसत. तिन्हींची मूळ रचना १९५०च्या व १९६०च्या दशकांतली. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि जुन्या कारखान्यांनाही काहीतरी नवे आणणे भाग पडले. तिघांनीही एकच मार्ग धरला. युरोपातील एखाद्या मोठ्या गाडीचा देह घ्यायचा आणि त्यात हाताशी असलेले किंवा सहज मिळणारे इंजिन बसवायचे.

हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ मध्ये आली. तिचा देह ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल व्हीएक्स या गाडीचा होता. ब्रिटनमध्ये या गाडीला १७५९ आणि २२७९ सी.सी.ची इंजिने असत. कॉन्टेसाला मात्र सुरुवातीला ॲम्बॅसडरचेच १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन मिळाले. त्याची शक्ती होती सुमारे ५० अश्वशक्ती.

मद्रासची स्टँडर्ड २००० ही १९८५ मधली. तिचा देह होता रोव्हर एसडी-१ चा. ही गाडी १९७७ साली युरोपातील ‘कार ऑफ द इयर’ ठरली होती, आणि तिच्या मूळ रूपात ३५२८ सी.सी.चे आठ सिलिंडरांचे इंजिन होते. भारतीय अवतारात त्या जागी १९९१ सी.सी.चे चार सिलिंडरांचे जुने इंजिन आले. ते स्टँडर्ड व्हॅनगार्ड या गाडीच्या घराण्यातले. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच्या काळात जन्मलेल्या याच घराण्यातील इंजिने फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरांतही बसवली जात.

तिसरी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची ११८ एनई, हीसुद्धा १९८५ मधली. तिचा देह फियाट १२४ या गाडीचा. मूळ गाडीत ११९७ सी.सी.चे इंजिन होते. प्रीमियरने निस्सानचे ११७१ सी.सी.चे, सुमारे ५२ अश्वशक्तीचे इंजिन घेतले. म्हणजे मूळ देह आणि मूळ दम यांचे नाते साधारण तसेच राहिले.

आता कॉन्टेसा आणि ११८ एनई यांची तुलना करा. दोघींची शक्ती जवळजवळ सारखी. परंतु कॉन्टेसा रिकामी असतानाच सुमारे १२०० किलोग्रॅमची, तर ११८ एनई तिच्याहून बरीच हलकी. आणि जिला सगळे ‘खेळण्यातली गाडी’ म्हणत, त्या मारुतीचे काय? तिचे इंजिन ७९६ सी.सी.चे, शक्ती ४० अश्वशक्तीहून थोडी कमीच. पण गाडीचे वस्तुमान अवघे साडेसहाशे किलोग्रॅम. टनामागे हिशेब केला तर मारुतीला पंचावन्नहून अधिक अश्वशक्ती मिळते आणि कॉन्टेसाला बेचाळीसच्या आसपास. इंजिन जवळजवळ निम्मे, आणि तरीही चढावर कॉन्टेसाच मागे पडते!

पगार आणि शिल्लक

‘थोडी शक्ती कमी असली तर गाडी थोडी हळू जाईल, एवढेच ना?’ असा प्रश्न येथे विद्यार्थी विचारतील. या ‘थोडी’ शब्दातच मेख आहे. ती समजण्यासाठी एक अंदाजी गणित करू.

पाच माणसे आणि सामान यांच्यासह कॉन्टेसाचे वस्तुमान १६०० किलोग्रॅम धरू. सपाट महामार्गावर पुढे ताशी ४० किलोमीटर वेगाने एक मालट्रक चालला आहे. त्याला ओलांडण्यासाठी आपल्याला वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत न्यायचा आहे. गतिज ऊर्जेच्या सूत्रात हे दोन वेग घालून फरक काढला तर सुमारे ३ लाख ज्यूल येतो. एवढी ऊर्जा इंजिनाने गाडीला द्यायची आहे.

५० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३७ किलोवॅट. पण हा आकडा इंजिनाच्या एका ठरावीक फेरेगतीलाच मिळतो. वेग वाढत असताना सारा वेळ इंजिन त्या गतीला नसते, आणि गिअर, दंड, चाके यांच्या घर्षणातही काही शक्ती जाते. म्हणून चाकांना सरासरी ६० टक्के, म्हणजे २२ किलोवॅट मिळतात असे धरू. यातूनही टायरांचा विरोध आणि हवेचा विरोध यांचा खर्च आधी भागवावा लागतो. सरासरी ताशी ६० किलोमीटर वेगाला तो सुमारे साडेसहा किलोवॅट येतो. उरले सुमारे १६ किलोवॅट. ३ लाख ज्यूल भागिले १६ हजार वॅट, म्हणजे सुमारे १८ सेकंद.

आता याच गाडीत ८८ अश्वशक्तीचे इंजिन बसवू. हे उदाहरण काल्पनिक नाही. पुढे हिंदुस्थान मोटर्सने इसुझूचे साधारण एवढ्या शक्तीचे, १८१७ सी.सी.चे इंजिन कॉन्टेसाला दिलेच. तशाच हिशेबाने चाकांना ३९ किलोवॅट मिळतात, रस्त्याचा खर्च तोच साडेसहा, शिल्लक सुमारे ३३. वेळ लागतो ९ सेकंद. शक्ती पावणेदोन पट झाली, पण वेळ मात्र निम्मा झाला.

हा हिशेब आपल्या घरखर्चासारखाच आहे. घरभाडे, किराणा, दूध यांचा खर्च भागल्यावर जे उरते, त्यातूनच नवे काही घेता येते. पगार पावणेदोन पट झाला तर शिल्लक पावणेदोन पटीहून जास्त वाढते. उलट खर्च वाढला की ज्याचा पगार लहान, त्याची शिल्लक झपाट्याने आटते.

हा खर्च वाढवतो चढ. प्रत्येक ४० मीटरला १ मीटर एवढा सौम्य चढ घ्या. डोळ्यांना तो जाणवतही नाही. पण १६०० किलोग्रॅम ताशी ६० किलोमीटर वेगाने अशा चढावर न्यायचे तर आणखी साडेसहा किलोवॅट लागतात. मग ५० अश्वशक्तीच्या गाडीची शिल्लक राहते साडेनऊ किलोवॅट आणि तोच वेग गाठायला लागतात ३१ सेकंद. ८८ अश्वशक्तीच्या गाडीला लागतात ११. चढ २० मीटरला १ मीटर झाला की पहिल्या गाडीला दीड मिनिटाहून जास्त वेळ लागतो, दुसरीला सुमारे १५ सेकंद.

सपाटीवरच्या १८ सेकंदांत आपली गाडी ३०० मीटर जाते. समोरून ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी बस तेवढ्याच वेळात तितकेच अंतर कापते. म्हणजे सुमारे ६०० मीटर रस्ता मोकळा हवा. सौम्य चढावर तो एक किलोमीटर हवा. दुभाजक नसलेल्या, वळणावळणाच्या रस्त्यावर एक किलोमीटर पुढचे दिसते कोठे? शक्ती आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तराचा प्रश्न केवळ ऐटीचा नाही, तो असा जीवावर बेतणारा आहे. शिवाय गाडीचा ऐसपैस देह चालकाला एक खोटा भरवसा देतो. ‘एवढी मोठी गाडी आहे, सहज पुढे जाईल,’ असे त्याला वाटते. लहान गाडीचा चालक निदान आपली पायरी ओळखून असतो.

गिअर काय करतो आणि काय करत नाही

यावर एक आक्षेप येतो. त्या काळी ॲम्बॅसडरचे डिझेल मॉडेलही होते. त्याची शक्ती जेमतेम ३७ अश्वशक्ती. तरीही भाड्याच्या ॲम्बॅसडर सात-आठ माणसे भरून घाट चढत होत्याच. मग अडचण काय?

गाड्या चढत होत्या हे खरे. पहिल्या गिअरमध्ये कोणतीही धडधाकट मोटार घाट चढते. गिअर ही तरफेची बहीण आहे. ती बल वाढवते, पण त्याच प्रमाणात वेग कमी करते. बल आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि तो गुणाकार गिअर बदलून वाढत नाही. उलट घर्षणाने किंचित घटतोच. ‘गाडीला ओढ चांगली आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा बलाविषयी बोलत असतो. गाडी चढेल का, याचे उत्तर बलाकडे आहे. ती किती वेळात चढेल, याचे उत्तर शक्तीकडे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि आपल्या बोलण्यात त्यांची नेहमी गल्लत होते.

आगगाडी दुबळी का नाही?

आता या गुणोत्तराचीही मर्यादा पाहू. २६०० अश्वशक्तीचे एक डिझेल इंजिन १००० टनांची आगगाडी ओढत आहे असे समजा. टनामागे अश्वशक्ती झाली २.६. भरलेल्या कॉन्टेसाला टनामागे ३१ मिळतात. म्हणजे आगगाडी बारा पट दुबळी! पण आगगाडीला कोणी दुबळी म्हणत नाही.

याचे कारण, आगगाडीचे काम वेगळे आहे. पोलादी रुळावर पोलादी चाकाला होणारा विरोध रबरी टायराच्या मानाने कितीतरी कमी असतो. तिला वाटेत कोणाला ओलांडायचे नसते. रुळांचा चढ आधीच मोजलेला असतो. आणि जेथे तो चढ झेपणारा नसतो, तेथे रेल्वे तसे प्रामाणिकपणे मान्य करते. बोरघाटात चढ ३७ मीटरला १ मीटर इतका आहे. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात, गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलतात आणि तेथे सुटी होतात. कामाचा अंदाज आधी घेऊन शक्ती कशी पुरवावी, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

म्हणून कोणत्याही यंत्राला ‘कमी शक्तीचे’ म्हणण्यापूर्वी ‘कोणत्या कामासाठी?’ असे विचारले पाहिजे. कॉन्टेसाचे पहिले इंजिन मुळात वाईट नव्हते. त्याने ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षे निष्ठेने काम केले. चुकले ते ज्या कामाला ते जुंपले गेले त्याची आखणी करणाऱ्यांचे. स्टँडर्ड २००० च्या बाबतीत चूक आणखी खोल होती. तिच्या इंजिनाची कागदावरची शक्ती कॉन्टेसाहून पुष्कळ जास्त होती. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या आखणीचे इंजिन, आणि त्यावर आधुनिक, महागडा, मूळच्या साडेतीन लिटर इंजिनासाठी आखलेला देह, अशी ती जोडणी होती. १९८०चे दशक संपण्याआधीच ती गाडी बंद पडली. कॉन्टेसाला इसुझूचे इंजिन मिळाले आणि ती २००२ पर्यंत टिकली.

लहान इंजिनाची बाजू

अशी इंजिने बसवणारे कारखानदार मूर्ख नव्हते, हेही सांगायला हवे. इंजिनाचा नवा कारखाना उभारणे हे पत्र्याचा देह बनवण्यापेक्षा अधिक खर्चाचे आणि अवघड काम असते. तो काळ परवान्यांचा होता, परकीय चलन दुर्मीळ होते आणि पेट्रोल महाग होते.

शिवाय लहान इंजिनाच्या बाजूने पदार्थविज्ञानाचाही एक भक्कम मुद्दा आहे. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने जाण्यासाठी आपल्या गाडीला इंजिनाकडून फक्त १० अश्वशक्तीच्या आसपास शक्ती लागते. म्हणजे मोठे इंजिन बहुतेक वेळ रिकामेच बसलेले असते. पेट्रोल इंजिनाला शक्ती कमी करायची तर आत येणाऱ्या हवेचा मार्ग अरुंद करावा लागतो, आणि त्या चिंचोळ्या वाटेतून हवा ओढण्यात ऊर्जा वाया जाते. म्हणून सौम्य कामासाठी लहान इंजिन इंधन वाचवते हे खरे आहे.

पण तेच इंजिन सतत पूर्ण जोराने चालवावे लागले की चित्र बदलते. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात अशा वेळी पेट्रोलचे मिश्रण दाट होते, खालच्या गिअरमध्ये फेरे वाढतात, इंजिन तापते आणि झीज वाढते. सपाट शहरातील बचत घाटात खर्च होते. जड देह आणि लहान इंजिन या जोडीतून इंधन वाचवायचे असेल, तर खरा उपाय देह हलका करण्याचा आहे. वस्तुमान कमी झाले की चढाचा खर्च, वेग वाढवण्याचा खर्च आणि टायरांचा विरोध हे तिन्ही एकदम घटतात. मारुतीने नेमके हेच केले होते. मोठी शक्ती हा मात्र सरसकट उपाय नव्हे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि धडकेच्या वेळी ती सगळी कोठेतरी जिरावी लागते.

कायद्यातले सी.सी.

हा सगळा जुना इतिहास झाला असे वाटेल, पण तसे नाही. त्याच १५०० सी.सी.च्या भांड्यातून आता दुपटीहून जास्त शक्ती निघते. २०१३ साली भारतात आलेल्या फोर्ड इकोस्पोर्ट या गाडीत १४९९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन सुमारे ११० अश्वशक्तीचे होते. त्याच गाडीत ९९९ सी.सी.चे दुसरे इंजिनही मिळे, आणि त्याची शक्ती होती सुमारे १२३! टर्बोचार्जर या पंख्याने त्यात जास्त हवा कोंबली जाई. जास्त हवा म्हणजे जास्त ऑक्सिजन, म्हणून जास्त इंधनाचे ज्वलन आणि जास्त शक्ती. भांडे एक तृतीयांशाने लहान, पण रांधप जास्त.

आपले कायदे मात्र भांडेच मोजत राहिले. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या करण्यात आली. लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० सी.सी.पर्यंत. अशा गाड्यांना उत्पादन शुल्क कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर आले, त्यातही याच सीमा कायम आहेत. आतल्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या गाडीला ४० टक्के. या व्याख्येत वस्तुमानाचा उल्लेख नाही, शक्तीचा नाही आणि इंधनाच्या प्रत्यक्ष खपाचाही नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सी.सी. व त्यावरील डिझेल मोटारींच्या नोंदणीवर तात्पुरती बंदी घातली. प्रदूषण कमी करण्याचा हेतू निःसंशय चांगला होता. पुढच्याच महिन्यात महिंद्र कंपनीने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० या अवजड गाड्यांसाठी २१७९ सी.सी.च्या जागी १.९९ लिटरचे इंजिन आणले. शक्तीचे आकडे जवळजवळ तसेच राहिले. कंपनीने कायदा मोडला नाही. कायद्याने जे मोजले तेवढेच तिने बदलले. ऑगस्ट २०१६ मध्ये ही बंदी उठली.

याहून शहाणा नियम करता येतो, हेही आपल्याकडेच दिसले आहे. २०१७-१८ पासून प्रत्येक कंपनीच्या एकूण गाड्यांच्या सरासरी इंधनखपावर मर्यादा आली. तेथे सी.सी. न मोजता खप मोजला जातो. मात्र या नियमातही कंपनीच्या गाड्या सरासरीने जितक्या जड, तितकी मर्यादा सैल होते. म्हणजे देह हलका करणाऱ्याला पुरेशी शाबासकी मिळत नाही. आक्षेप घ्यायचा तर आता येथे घ्यायला हवा.

वर्गात काय करता येईल?

शक्तीचा धडा शिकवताना आपण बहुधा पाण्याचा पंप किंवा क्रेन यांची उदाहरणे देतो आणि एक आकडा काढून थांबतो. त्याऐवजी विद्यार्थ्यांना शाळेच्या जिन्यावर न्या. प्रत्येकाचे वजन करा, जिन्याची उंची मोजा आणि वर चढायला लागणारा वेळ नोंदवा. त्यावरून प्रत्येकाची शक्ती वॅटमध्ये काढा. मग तीच शक्ती किलोग्रॅममागे काढा. वर्गातला सर्वांत दणकट मुलगा पहिल्या यादीत अव्वल ठरेल. दुसऱ्या यादीत कदाचित एखादी लहानखुरी मुलगी त्याच्या पुढे असेल. नंतर दोघांच्या पाठीवर सारख्याच वजनाचे दप्तर द्या आणि पुन्हा मोजा. क्रम पुन्हा बदलू शकतो. का, यावर चर्चा होऊ द्या.

त्यानंतर दुचाकी आणि चारचाकी गाड्यांच्या जाहिराती आणायला सांगा. त्यांत सी.सी., अश्वशक्ती आणि वस्तुमान यांपैकी कोणते आकडे ठळक छापले आहेत आणि कोणता आकडा शोधूनही सापडत नाही, याची नोंद करू द्या. मुले मोठी होऊन गाड्या घेतील, चालवतील, त्यांतली काही जण गाड्या बनवतील आणि एखादे जण त्यांच्यावरचे कायदेही करतील. ‘किती सी.सी.?’ या प्रश्नानंतर ‘किती किलोग्रॅमसाठी, आणि कोणत्या रस्त्यावर?’ एवढे दोन प्रश्न विचारण्याची सवय त्यांना शाळेतच लागली, तर शक्तीचा धडा खरोखर शिकवून झाला असे म्हणता येईल.